माहेरवाशिणीची पहिली फुगडी

नागपंचमीच्या आदल्या दिवशी माहेरवाशिणी यायला लागल्या की मी ओटीवर जाऊन उभी राहते. गाडीतून उतरताना त्या कोणता पाय आधी टाकतात, हात कशाला धरतात, पायरी चढताना गुडघ्यावर तळहात ठेवतात का, हे मी बघते. तोंड बघायला नंतर वेळ असतो. सुना पदराआड हसतात. "सासूबाई बैल पारखावा तशा लेकी पारखतात," असं धाकटी एकदा म्हणाली. म्हणू दे. बैल बघून घ्यायचा आणि लेक मात्र तशीच अंगणात सोडायची, हे मला पटत नाही.

ही सवय मला ताईच्या, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या, गुडघ्याने लावली.

मी तेव्हा नऊ वर्षांची होते. कल्याणात खाडीच्या बाजूच्या आळीत आमचं घर. वडील कचेरीत कारकून, काकांचं भाताचं आणि मिठाचं लहानसं दुकान. घरात आई आणि काकू अशा दोन जावा. काकू खडवलीकडची, नदीकाठी वाढलेली, बोलायला फटकळ आणि कामाला वाघ. मागल्या दारी मोठं सारवलेलं अंगण होतं, कडेने हळद लावलेली. पातोळ्यांसाठी त्या हळदीची पानं तोडली की हाताला जो वास येई, तो आजही मला सरळ त्या अंगणात नेऊन उभं करतो.

ताई पंधरा वर्षांची होती. तिला ठाण्यास तळ्याजवळच्या एका घरी दिलं होतं. आगगाडीने ठाणं म्हणजे काही लांब नव्हे, पण लेक येणार वर्षातून एकदा. लग्नाआधी तिच्या फुगडीचं नाव चार आळ्यांत होतं. सासरी गेल्यावर मात्र दोन वर्षांत ती धावली म्हणून नव्हती. चूल, जातं, पाट, पुन्हा चूल. विहीर घरातच, पाणी ओढायला गडी. लोक म्हणत, नशीब काढलं.

आमच्या आळीची एक रीत होती. माहेरवाशीण आली की पहिल्याच दिवशी तिने आळीतल्या प्रत्येक बाईबरोबर एकेक फुगडी घालायची. एकीलाही वगळायचं नाही. वगळलेली बाई वर्षभर तोंड फिरवून जाई. मध्ये बसायचंही नाही, कारण बसली म्हणजे सासरी हिला खायला घालत नाहीत असा अर्थ निघे. म्हणजे जी वर्षभर हलली नाही तिने सगळ्यांत जास्त खेळायचं, आणि ज्या रोज पाणी ओढून, कांडून तयार होत्या त्यांनी ताज्या दमाने एकेक फुगडी घालून बाजूला बसायचं. हे उलटं आहे असं कुणाच्या मनातही येत नसे. आम्हाला ते लाड वाटत.

त्या नागपंचमीला दुपारी आळी आमच्या अंगणात जमली. ताई हातावरची मेंदी मिरवत एकीमागून एकीशी फुगडी घालत होती. चेहरा लालबुंद, केसांचा अंबाडा सुटलेला. शेवटी शेजारच्या मामी पुढे झाल्या. मामी अंगाने भरभक्कम.

"ये गं ठाणेकरणी. आता माझी पाळी."

"मामी, जरा श्वास तर घेऊ द्या."

"श्वास सासरी घे हो. इथे फुगडी घाल!"

सगळ्या हसल्या. ताईही हसली आणि तिने हात पुढे केले. फुगडी छान रंगली. मग मामींना घेरी आली आणि त्या एकदम थांबल्या. ताईचा उजवा पाय जमिनीला खिळला आणि अंग मात्र फिरून पुढे गेलं. ओली फांदी मोडावी तसा आवाज मी ऐकला. ताई खाली बसली नाही, पडलीच.

दृष्ट लागली, यावर लगेच सगळ्यांचं एकमत झालं. मामी स्वतःच मीठ-मोहरी आणायला धावल्या. पट्टी बांधायची तर धोतर फाडावं लागणार, आणि नागपंचमीला चिरायचं, कापायचं नाही. हाताने फाडलं तर चालतं का, यावर दोघी म्हाताऱ्या भांडायला लागल्या. तेवढ्यात काकूने आपल्या जुन्या लुगड्याचा काठ टर्रकन फाडला.

"नागोबाला माझं नाव सांगा," ती म्हणाली.

संध्याकाळपर्यंत गुडघा नारळाएवढा झाला. आईने आंबेहळद आणि रक्तबोळाचा लेप घातला, दोन कामट्या लावून पाय सरळ बांधला आणि ताईला माजघरात निजवलं. मग ती काकूला घेऊन स्वयंपाकघरात गेली. मी मागोमाग गेले.

"ही गोष्ट ठाण्याला जाता कामा नये," आई म्हणाली.

का, ते मलाही माहीत होतं. ताईच्या थोरल्या जाऊबाईंना दम्याचा आजार निघाला होता. औषधपाण्याला म्हणून त्यांना माहेरी पाठवलं, आणि परत काही आणलं नाही. वर्षाच्या आत थोरल्या मुलाचं दुसरं लग्न झालं. ते ताईच्या सासूबाईंनी ठरवलं होतं. त्या घरात सुनेने उकिडवं बसून चूल फुंकायची, जात्याशी मांडी घालायची, शंभर वेळा उठायचं. लंगडी सून त्या ठेवून घेतील, असं आईला स्वप्नातही वाटत नव्हतं.

या विहीणबाईंचा आम्हा मुलांना धाक होता आणि त्यांची टिंगलही आम्ही करत असू. लग्नात त्या पाटावर बसल्याच नाहीत. पंगतीत सगळ्यांच्यात त्यांना एकट्यांना चौरंग लागला. आई हात जोडून म्हणाली तरी खाली बसेनात. तेव्हापासून आम्ही त्यांना चौरंगवाल्या म्हणायचो, आणि मी तर उलट्या टोपलीवर ताठ बसून त्यांची नक्कल करायचे. या चौरंगवाल्या श्रावणात भिवंडीला माहेरी जाणार होत्या. परतताना शेवटच्या शुक्रवारी खाडी ओलांडून आमच्याकडे येणार, सवाष्ण म्हणून जेवणार आणि गौरी-गणपतीच्या कामाला ताईला बरोबर नेणार, असं आधीच ठरलेलं होतं.

आईचा बेत साधा होता. तोवर पाय मुळीच हलवायचा नाही, म्हणजे बरा होईल. आठवड्याने कामट्या सोडल्या. सूज बरीच उतरली होती, पण गुडघा वाकेना. मांडीसुद्धा डाव्या मांडीपेक्षा बारीक दिसत होती. काकूने पाय उचलून पाहिला.

"हा पाय आहे की वासा?" ती म्हणाली. "वहिनी, असाच ठेवलात तर याला छपराला लावावं लागेल."

"मग काय करू? वाकवू आणि मोडू?"

काकूला उत्तर माहीत नव्हतं. पण ते कुणाला माहीत असेल हे तिला माहीत होतं. वडील तरुणपणी तालमीत जात आणि त्यांचा गुडघा एकदा चांगलाच दुखावला होता. अडचण अशी की काकू थोरल्या दिरांशी बोलत नसे. वडील सकाळी पान लावत बसले असताना ती दाराआड उभी राहिली आणि मला पुढे ढकललं.

"तुझ्या वडिलांना विचार, तालमीत गुडघा सुजला तर काय करतात?"

वडिलांना शब्द न् शब्द ऐकू गेला होता. ते भिंतीकडे बघत मला म्हणाले, "काकूला सांग, सूज उतरेपर्यंत गप्प पडायचं. उतरली की वाकवायला घ्यायचं. दोराला धरून अर्ध्या बैठका. पुऱ्या नाहीत."

"विचार, दुखलं तर?"

"सांग, दुखलं तर थांबायचं. ताण लागला तर थांबायचं नाही."

"विचार, दुखणं कुठलं आणि ताण कुठला, हे कसं कळायचं?"

वडिलांनी चुना लावता लावता विचार केला. "सांग, ज्याचा गुडघा असतो त्याला कळतं."

मी दोघांच्या मध्ये नुसती उभी होते. एक अक्षर मला बोलावं लागलं नाही. मग वडील आपणहून म्हणाले, "आणि हेही सांग. गडी महिनाभर गावी राहून आला तर वस्ताद त्याला पहिल्या दिवशी कुस्ती देत नाहीत. आधी हौद्यातली माती खणायला लावतात. अंग तयार झालं की मग जोड."

मग काकू, मला नव्हे, सरळ दारालाच म्हणाली, "आणि आम्ही आमच्या पोरी पहिल्याच दिवशी आख्ख्या आळीशी भिडवतो."

वडिलांनी पान तोंडात टाकलं आणि ते कचेरीत गेले.

आईला हे मुळीच आवडलं नाही. "तालमीतले गडी वेगळे. ही बाईमाणूस आहे."

"गुडघ्याला कुठे माहीत असतं वहिनी, तो कुणाचा आहे ते?"

नागपंचमीचा झोका पडवीच्या तुळईला अजून टांगलेला होता. काकूने त्याची फळी काढली आणि दोर तेवढे ठेवले. पुरुष बाहेर गेले, जेवणं झाली, भांडी झाली, की दुपारी तालीम सुरू होई. ताईने दोन्ही दोर घट्ट धरायचे आणि हातांवर भार घेऊन जरासं वाकायचं, पुन्हा उभं राहायचं. पहिल्या दिवशी ती बोटभर वाकली आणि तिला घाम फुटला. मी आजूबाजूला उंडारत होते, तर काकूने मलाही दुसऱ्या बाजूने दोराला लावलं. "एकटीला लाज वाटते तिला. तू पण कर."

काकू पुढ्यात बसून आमच्या पायांकडे डोळे लावी. तिच्या ध्यानात एक गोष्ट आली. वाकलं की ताईचे गुडघे आत वळत, एकमेकांवर आपटायला येत.

"ताई, गुडघे बघ, निघाले एकमेकांना भेटायला! अगं, चवड्याच्या वर गुडघा ठेव. त्यांची भेट झाली की गोंधळ झालाच समज."

मग तिने मला अंगणात उडी मारायला लावली, फुगडीत मध्येच थांबायला लावलं आणि बघितलं. माझेही तसेच. तिने स्वतः उडी मारून पाहिली. तिचेही तसेच. त्या दिवशी आम्ही तिघी पडवीत एकमेकींच्या गुडघ्यांवरून इतक्या हसलो की आई बघायला आली आणि न बोलता परत गेली. श्रावणातल्या त्या दुपारी माझ्या डोळ्यांपुढे अशाच आहेत. मागे हळदीच्या पानांवर ऊन-पाऊस, खाडीवरून नावाड्यांच्या हाका, तुळईचा कुरकुर आवाज, आणि ताई ओठ दाबून वर येते आहे.

काकू काही देवी नव्हती. ताई थोडी चालायला लागली तशी तिला हुरूप आला आणि तिने ताईला एकदम जात्याशी बसवलं. पुरं उकिडवं. दुसऱ्या दिवशी गुडघा पुन्हा टम्म.

"झालं समाधान?" आईने विचारलं.

काकू उलटून बोलली नाही, म्हणजे तिला किती लागलं असेल ते बघा. दोन दिवस आमटी खारट झाली आणि कुणी तक्रार केली नाही. दोर तसेच लोंबत होते. मग सूज उतरल्यावर एका दुपारी ताई आपणच उठली आणि दोरापाशी गेली.

"काकू, बस समोर."

"नको बाई. माझंच चुकलं."

"चुकलं तर चुकलं. मला थोरल्या जाऊबाईंसारखं इथे येऊन राहायचं नाही. बस."

आणि तिने दोर धरले.

शेवटचा शुक्रवार आला. विहीणबाई नावेतून उतरून गाडीने आल्या. आईने न सांगता चौरंग मांडला होता. त्या ताठ बसल्या, एक पाय पुढे सरळ टाकून. जेवणं झाली. दुपारी हळदीकुंकवाला आळी जमली. ताई दूध आणि फुटाणे देत फिरत होती, आणि खरं सांगते, बघणाऱ्याला काही कळलं नसतं. फक्त पडवीची पायरी उतरताना ती दर वेळी उजवा पाय आधी टाकी आणि चढताना डावा. मला ते माहीत होतं म्हणून दिसलं. विहीणबाईही बघत होत्या, पण त्या सगळ्याकडेच तशा बघत.

आणि मामींनीच घात केला. ताईला हिंडताफिरताना बघून त्यांना वाटलं, गुडघा बरा झाला; मनात काही नव्हतं, फक्त हौस होती.

"चल गं, सासूबाईंसमोर एक फुगडी होऊन जाऊ दे!"

आईच्या हातातलं दूध सांडलं.

"घाल की," विहीणबाई म्हणाल्या. "मीही फार ऐकलंय सूनबाईंच्या फुगडीबद्दल. बघितली नाही कधी."

ताईने माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे. आईने मान हलवली, पण हो की नाही ते कुणालाच कळलं नसतं. ताई पदर खोचायला लागली. ती घालणार होती. एका फुगडीत इतक्या दिवसांची मेहनत मातीत जाणार होती, आणि ती घालणार होती.

"ती नाही घालायची," काकू म्हणाली. "तिचा गुडघा दुखावलाय. मीच तिला बंदी केली आहे."

आई भिंतीला टेकली.

"कोणता?" विहीणबाईंनी विचारलं.

"उजवा."

"कधीपासून?"

"नागपंचमीपासून. इथेच, या अंगणात."

"बसता येतं?"

काकू ताईकडे वळली. "बस गं. सावकाश."

ताईने फुटाण्यांची वाटी हातात घेतली. दोर जवळ नव्हते. ती पडवीच्या मधोमध हळूहळू वाकत गेली, गुडघे चवड्यांच्या वर, एकमेकांपासून दूर, आणि उकिडवी बसली. वाटी जमिनीवर ठेवली. मग हात न टेकता उठली. तिच्या वरच्या ओठावर घाम दिसत होता.

विहीणबाई त्या वाटीकडे बघत राहिल्या. "मला येत नाही," त्या म्हणाल्या.

कुणाला काहीच समजलं नाही. तांदळाचा भाव सांगावा तशा आवाजात त्यांनी पुढे सांगितलं, "भिवंडीला आमच्याकडेही हीच रीत. लग्नानंतरच्या पहिल्या श्रावणात मी आळीभर फुगड्या घातल्या. गुडघा गेला. आईने महिनाभर सरळ बांधून निजवलं आणि कुणाला कळू दिलं नाही. पाय तसाच राहिला. जमिनीवर बसता येत नाही. लोकांना वाटतं, हिला तोरा."

मी चौरंगाकडे बघितलं आणि मग माझ्याच पायाच्या अंगठ्याकडे.

"हिला वाकायला कुणी शिकवलं?"

काकू तोंड उघडणार तोच आई बोलली. "हिच्या काकूने. हिच्या वडिलांनी सांगितलं आणि तिने करून घेतलं. मी नको म्हणत होते."

विहीणबाईंनी मान डोलावली. काही वेळाने, कुणी विचारलेलं नसताना, त्या म्हणाल्या, "थोरलीचं तसं नव्हतं. दम्याला काय करणार?" मग त्या काकूला म्हणाल्या, "हिच्याकडून घरी काय काय करून घ्यायचं ते मला नीट सांगा. गौरींच्या कामाला मी दुसरी बाई बघेन."

दुसऱ्या दिवशी आम्ही स्टेशनवर पोचवायला गेलो. डब्याची पायरी उंच. आधी ताई चढली, डावा पाय आधी. मग विहीणबाई, त्यांचाही डावाच आधी. काकू माझ्या कानात पुटपुटली, "शोभतात खऱ्या सासू-सून." आई हसली. श्रावण लागल्यापासून पहिल्यांदा.

ठाण्याच्या घरी माजघराच्या तुळईला दोर टांगले गेले. कुणी विचारलं तर विहीणबाई सांगत, नातवाच्या झोक्यासाठी. नातू तर पुढे चार वर्षांनी झाला. दुपारी सगळे निजले की ताई बैठका काढी आणि सासूबाई चौरंगावरून मोजत. एकदा ताई पाणी पिऊन परत आली, तर त्या स्वतः दोर धरून उभ्या होत्या. तीन दशकांचा आखडलेला पाय, तो काय वाकणार? थोडा वाकला, मग नाहीच. शेवटपर्यंत त्यांना चौरंग लागला. त्या मऊ झाल्या असंही नाही. मीठ कमी-जास्त झालं की ताट सरकवत. थोरल्या जाऊबाई माहेरी राहिल्या त्या राहिल्याच. पण ताई कधी परत पाठवली गेली नाही.

पुढच्या नागपंचमीला काकू अंगणाच्या दारात उभी राहिली. माहेरवाशिणीने आधी आठ दिवस पाणी ओढायचं, कांडायचं, दोराला धरून बैठका काढायच्या, लहान मुलींबरोबर हळू झिम्मा खेळायचा आणि थांबायला शिकायचं. मग फुगडी. मामी संक्रांतीपर्यंत रुसल्या होत्या. "आमच्या वेळी नव्हती ही थेरं," म्हणत. पण पुढच्या वर्षी त्यांचीच लेक आली, तेव्हा तिला त्या आपणहून आमच्या पडवीत घेऊन आल्या.

मला कल्याणातच दिलं, दोन आळ्या सोडून. काकूची तालीम मी इथे आणली. इतक्या वर्षांत आमच्या अंगणात गुडघा गेलाच नाही असं मी म्हणणार नाही. एकदोन गेले. पण त्यांना कुणी कामट्या लावून लपवून ठेवलं नाही.

ताई अजून येते. केस पांढरे झालेत, ठाण्याच्या घरात आता ती सासू आहे. फुगडी आम्ही आठवडा गेल्यावर घालतो, दोघींची एकच. हल्ली ती फुगडी कसली, दोन म्हाताऱ्या गोल चालतात, असं सुना म्हणतात. थांबताना आधी वेग कमी, मग गुडघे सैल, मग हात सुटतात. त्यानंतर ताई फुटाण्यांची वाटी घेते आणि खाली ठेवायला सावकाश बसते. तिचे गुडघे कुठे जातात ते मी अजून बघते.